कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे स्मरण

(श्रीभैरवनाथ मंदिराच्या कलशारोहणाच्या आदल्या रात्री मंडपात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)



मी काही वक्ता नव्हे. मी तहसील कचेरीतला कारकून. शिक्षण दहावी पास. वडील नोकरीत असताना वारले म्हणून अनुकंपेवर शिपाई म्हणून लागलो आणि पुढे कारकून झालो. माझ्या हातून आजवर जे काही लिहून झाले ते टिपणी, पोचपावती आणि स्मरणपत्र एवढेच. वर्गणीची वही समितीने माझ्याकडे दिली होती, म्हणून तुमची नावे मला तोंडपाठ आहेत. पण नावे वाचून दाखवणे निराळे आणि भाषण करणे निराळे. चुकले तर आपलाच मुलगा म्हणून सांभाळून घ्यावे.

आपल्या देवळाचे काम दोन वर्षे एक पैसाही न घेता ज्यांनी पाहिले, ते पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर, ज्यांना लहानथोर सारे अण्णा म्हणतात, त्यांच्यावर मी चार शब्द बोलावेत असे समितीने ठरवले होते. मी तसे त्यांच्या कानावर घातले. अण्णा म्हणाले, "बाळ, माझ्यावर बोललास तर मी उठून घरी जाईन. इंजिनिअरावरच बोलायचं असेल तर खऱ्या इंजिनिअरावर बोल. तो आपल्या शेजारीच होऊन गेला." आणि चौथऱ्याच्या कडेला बसून, कामगारांचा चहा होईपर्यंत, ते मला लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगू लागले. ती गोष्ट पुढे बऱ्याच संध्याकाळी चालली. अण्णांनी सांगितलेले आणि नंतर मी स्वतः वाचलेले, असे दोन्ही मिळून आज तुमच्यापुढे ठेवतो.

तरी अण्णांचा हुकूम मोडून दोनच वाक्ये बोलतो. गाभाऱ्याच्या दगडावर पूर्वी तैलरंगाचे थर चढले होते, ते फोडून फरशी बसवायची असे आपले सगळ्यांचे चालले होते. तो जुना काळा घडीव दगड आज तुम्हांला दिसतो आहे तो अण्णांमुळे. आणि दुपारी नातवंडांना शाळेतून आणायची वेळ झाली की हातातला टेप आहे तिथे ठेवून निघणारा इंजिनिअर मी हा एकच पाहिला. अण्णा, बसा. आता तुमच्यावर बोलत नाही.

किर्लोस्कर हे नाव आपल्याकडे माणसाचे नाव म्हणून कोणी ऐकलेलेच नाही. किर्लोस्कर म्हणजे नांगर, किर्लोस्कर म्हणजे इंजिन, किर्लोस्कर म्हणजे विहिरीवरचा पंप. किर्लोस्करवाडी म्हणजे मिरज-पुणे लाइनीवरचे स्टेशन. मीही लहानपणी असेच समजत होतो. त्या नावामागे एक माणूस होता, त्याला भाऊ होते, पुतणे होते, त्याच्या घरात माणसे वाढली आणि गेली, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यात गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथी आणि पाठांतर, आणि या मुलाचे लक्ष मात्र रंगाच्या डब्यात नाही तर यंत्राच्या चाकात. शाळेत जीव रमेना. मुंबईला जाऊन चित्रकला शिकायची असे त्याने मनाने घेतले. त्या वेळी थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले. हे रामूअण्णा लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येतील. १८८५ साली लक्ष्मणराव जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे शिकता शिकता ध्यानात आले की डोळ्यांत दोष आहे, काही रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकाराला रंग ओळखू न येणे म्हणजे गवयाला सूर ऐकू न येणे. दुसरा कोणी असता तर गावी परत येऊन दैवाला बोल लावीत बसला असता. मला पोलिसात जायचे होते, छाती भरली नाही, तेव्हा मी महिनाभर कोणाशी बोललो नव्हतो. लक्ष्मणरावांनी रंग सोडले पण पेन्सिल सोडली नाही. यंत्रांची आरेखने काढायला रंग लागत नाहीत. ते यांत्रिक चित्रकला शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले.

आपल्याकडे आज इंजिनिअर म्हटले की कुठल्या कॉलेजचा, किती टक्के, असे विचारतात. या माणसाजवळ इंजिनिअरची पदवी नव्हती. यंत्र उघडायचे, पाहायचे, पुन्हा जोडायचे, एवढीच विद्या. त्या काळी सायकल ही नवलाईची वस्तू होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली घेऊन पाठवीत आणि रामूअण्णा बेळगावात त्या विकीत. पंधरा रुपये घेऊन सायकल चालवायला शिकवीतही असत. १८८८ साली दुकानावर जी पाटी लागली ती 'किर्लोस्कर ब्रदर्स' अशी. किर्लोस्कर बंधू. आज सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, कंपनीचे नाव तेच आहे.

मी वर्गणीची वही ठेवणारा माणूस असल्यामुळे या पाटीपाशी जरा थांबतो. संगमरवरी फलकावर कोणाचे नाव आधी आणि कोणाचे नंतर यावरून आपल्या गावात मागच्या पावसाळ्यात काय काय झाले ते इथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. दोन बैठका मोडल्या. एका सद्गृहस्थाने दिलेली रक्कम परत मागितली, चार दिवसांनी पुन्हा आणून दिली. एका घरातल्या तिघा भावांनी एकाच रकमेसाठी तीन वेगळ्या पावत्या मागितल्या आणि मी त्या फाडल्या. कामाला हातभार दोघांचा असला तर पाटीवर दोघेही आले, भांडणाचे कारणच उरले नाही, हे त्या बेळगावच्या दुकानदारांना किती सहज सुचले होते.

पुढे मुंबईच्या नोकरीत हक्काची बढती डावलून दुसऱ्याला दिली गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते भावाकडे बेळगावला आले. सायकली दुरुस्त करता करता शेतकऱ्याच्या उपयोगाची अवजारे करायचे मनात आले. आधी कडबा कापण्याचे यंत्र केले. मग लोखंडी नांगर केला. आता नांगर म्हटल्यावर गिऱ्हाईक रांग लावील असे वाटेल. तसे झाले नाही. लोखंड जमिनीत घातले की जमिनीला विष चढते, पीक येत नाही, अशी त्या वेळी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षे लागली. सहा नांगर, दोन वर्षे! गोठ्यातली म्हैस दोन महिने विकली गेली नाही तर आपण नवस बोलतो.

ज्यांनी काळ्या रानात हरळी आणि कुंदा काढला आहे त्यांना या नांगराची किंमत मी सांगायला नको. लाकडी नांगर वरवर ओरखडा काढायचा आणि कुंद्याची मुळी खाली तशीच राहायची. लोखंडी नांगराला सहा-आठ बैल जुंपावे लागत, पण तो मुळीच्या खाली जाई. माझे आजोबा म्हणायचे, आपल्या आज्याने अर्धे आयुष्य कुंद्याला शिव्या देण्यात घालवले आणि आपण नांगर आणला. त्या नांगराविषयी शेवटी बोलेन.

१९१०च्या सुमारास बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितली. लक्ष्मणराव तेव्हा चाळीस वर्षांचे. बायकामुले, भाऊ, कामगार, भट्टी, यंत्रे आणि जायचे कुठे हे ठाऊक नाही. या वयात पुन्हा पहिल्यापासून आरंभ करायचा म्हणजे काय हे चाळिशीतल्या माणसाला विचारा. त्या वेळी औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. बाळासाहेब गादीवर येऊन पुरते वर्षही झाले नव्हते. ते स्वतः चित्रकार आणि कलेचे भोक्ते. औंधच्या डोंगरावरचे त्यांचे वस्तुसंग्रहालय पौषातल्या यात्रेला यमाईच्या दर्शनाला जाणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. रंग सोडावे लागलेल्या एका चित्रकाराला एका चित्रकार राजाने जागा दिली आणि दहा हजार रुपये कर्ज दिले.

ही जागा औंधला नव्हती. औंध संस्थान सलग नव्हते, त्याचे तुकडे ठिकठिकाणी पसरलेले होते: खटावकडे औंध, इकडे आटपाडी, आणि खाली कृष्णाकाठाजवळ कुंडल. कुंडल रोड नावाचे रेल्वे स्टेशन होते, त्याच्या जवळचा बत्तीस एकर माळ लक्ष्मणरावांना मिळाला. आम्हां कचेरीतल्या लोकांना जिल्हा कोणता ते सांगितल्याशिवाय चैन पडत नाही म्हणून सांगतो, त्या वेळी सांगली जिल्हा नव्हताच. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. म्हणजे आपली येरळा जशी खटावातून निघून सांगलीकडे कृष्णेला मिळते, तशीच ही गोष्टही औंधात सुरू होऊन कुंडलाच्या माळावर येऊन पोचली.

१० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. माळावर काय होते? निवडुंग आणि नाग. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव तेव्हा सहा वर्षांचे होते. पुढे म्हातारपणी त्यांनी इंग्रजीत आत्मचरित्र लिहिले, त्याला नाव दिले 'कॅक्टस अँड रोझेस', म्हणजे निवडुंग आणि गुलाब. त्यातला निवडुंग हा अस्सल आपल्या मुलखातला, कुंडलाच्या माळावरचा.

माळ साफ करून कारखाना उभा केला यात मोठेपणा आहेच, पण मला जास्त नवल वाटले ते त्यांनी जमवलेल्या माणसांचे. शंभूराव जांभेकर हे यंत्रांचे काम पाहत.  अनंतराव फळणीकर हे शाळा अर्धवट सोडलेले, ते तिथे यंत्रज्ञ झाले. हिशेब आणि कारकुनी मंगेशराव रेगे यांच्याकडे. माझा जातभाई म्हणून हे नाव मी मुद्दाम घेतो, कारण कारखान्याच्या इतिहासात कारकुनाचे नाव येणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. आणि वसाहतीचे रस्ते, पाणी, स्वच्छता, झाडे हे सारे रामूअण्णांकडे. धाकटा भाऊ कारखाना घडवतो आहे आणि थोरला भाऊ गाव घडवतो आहे. मुळात धाकट्याला मुंबईला पाठवणारा थोरला. उद्या त्याने म्हटले असते की माझ्या जिवावर तू शिकलास, तर ते खोटे नव्हते. तसे काही झाल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

रात्रीच्या पहाऱ्याला त्यांनी कोणाला ठेवले ते ऐका. दरोड्यात शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना. ज्यांना गावात कोणी उभे करीत नव्हते त्यांच्या हाती कारखाना सोपवून लक्ष्मणराव रात्री झोपत असत, आणि ही माणसे पुढे तिथली विश्वासाची राखणदार झाली. आपल्या देवळाच्या दानपेटीला दोन कुलुपे आहेत आणि किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे आहेत. मी टीका करीत नाही, ठराव मीच लिहिला आहे. फक्त आठवण झाली म्हणून सांगितले.

आणखी एक गोष्ट. किर्लोस्करवाडीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. आज आपण सगळे देवळाच्या मंडपात एका पंगतीला बसतो. पण इथल्या वयस्कर मंडळींना विचारा, या देवळाची पायरी कोणाकोणासाठी किती वर्षे बंद होती. तिकडे त्याच सुमारास येरळेच्या खालच्या अंगाला एका माळावर हा माणूस एकट्याच्या जोरावर वेगळा रिवाज चालवीत होता.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना. बाहेरून येणारा माल बंद पडला आणि नांगर ओतायचे कशाचे हा प्रश्न आला. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या तोफा दिल्या, त्या वितळवून नांगर झाले. ही गोष्ट अण्णांनी सांगितली तेव्हा कामावरचे गवंडीसुद्धा थापी थांबवून ऐकत राहिले. ज्या लोखंडाने माणसे मारायची त्याने कुंदा मारला. पुढे नांगराबरोबर उसाचे चरक आले, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रे आली, हातपंप आले, १९२६च्या सुमारास विहिरीवरचे पंप आले.

आता घराविषयी. लक्ष्मणरावांच्या थोरल्या भावाचे चिरंजीव शंकरराव हे चित्रकार आणि लिहिण्याची आवड असलेले. त्यांना यंत्रात ओढले नाही. १९२० साली त्यांनी किर्लोस्करवाडीतूनच 'किर्लोस्कर खबर' हे मासिक काढले. नंतर 'स्त्री' आणि 'मनोहर' निघाली. आमच्या घरात 'स्त्री'चे जुने अंक आत्याच्या ट्रंकेत होते. लोखंडाच्या कारखान्याने बायकांसाठी मासिक काढायचे ही कल्पना त्या काळी कोणाला रुचली असेल? पण पुतण्याला जे आवडते ते त्याला करू द्यायचे, हा त्या घरचा स्वभावच असावा. मुलगा शंतनू आणि पुतण्या माधव या दोघांनाही १९२२ साली अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकायला पाठवले. एकाच घरातून, एकाच बोटीने, मुलगा आणि पुतण्या. त्यातला माधव क्षयाने गेला. शंतनुराव १९२६ साली पदवी घेऊन परत आले. पुतण्याला पाठवले आणि तो हाती राहिला नाही, हे दुःख त्या माळावर लक्ष्मणरावांनी आणि त्यांच्या पत्नी राधाबाईंनी कसे सोसले असेल याचा विचार माझ्या मनातून जात नाही. आपण भावाच्या पोराची फी भरायची वेळ आली तर तोंड फिरवतो. आपण म्हणजे मी. दुसऱ्याचे मी बोलत नाही.

वय झाले तशी कामे मुलांच्या हाती गेली. १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा असे दोन कारखाने निघाले. म्हाताऱ्या यंत्रज्ञाने आता स्वस्थ बसून नातवंडे खेळवावीत असे ते दिवस होते.

आणि १९४८ उजाडले. गांधीजींची हत्या झाली आणि आपल्या सातारा-सांगली-कोल्हापूरच्या मुलखात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावण्यात आली. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते.

याविषयी बोलू नये असे मला समितीतल्या दोन वडीलधाऱ्यांनी सुचवले. देवाच्या दारी जुने उकरू नये म्हणाले. मी त्यांचा मान राखतो. पण देवाच्या दारीच बोलायचे नाही तर कुठे बोलायचे? माझे आजोबा वारले तेव्हा मी सहावीत होतो. शेवटच्या दिवसांत ते बाजेवर पडल्या पडल्या एकच गोष्ट सांगत. म्हणायचे, "मी गेलो नाही. पण जाणाऱ्यांना मी अडवलंही नाही. वेशीत उभा होतो. घरी आलो तर गोठ्यात नांगर उभा होता, त्याच्याकडे बघवेना." त्या नांगराने आमचे सहा एकर रान स्वच्छ केले होते. तो ज्या भट्टीतून आला तिच्याकडे आपल्या गावातली माणसे निघाली होती आणि आजोबा वेशीत उभे राहिले. ते गुन्हेगार नव्हते. पण त्यांना झोप येत नसे.

कारखाना पुन्हा उभा राहिला, त्याच जागी. किर्लोस्कर मंडळी हा मुलूख सोडून गेली असती तर त्यांना कोण नाव ठेवणार होते? पुण्याला, बंगळूरला त्यांचे कारखाने झालेलेच होते. पण वाडी त्यांनी मोडली नाही. आजही तिथे पंप तयार होतात आणि आसपासच्या गावांतली पोरे सकाळी डबा घेऊन भोंग्याला जातात; त्यांत आपल्या गावचीही आहेत. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने टपालाचे तिकीट काढले. आडनावासह नावाची आद्याक्षरे जुळवून त्यांना लकाकी म्हणत. पुण्यात मॉडेल कॉलनीत त्या नावाचा रस्ता आहे. पुण्याला असलेल्या पोरांनी जाता-येता पाटीकडे पाहावे.

ही सगळी गोष्ट ऐकल्यावर मी अण्णांना एक प्रश्न विचारला होता, तो इथेही सांगतो, नाहीतर कोणी म्हणेल कारकुनाने गोड गोड तेवढे वाचून दाखवले. मी वर्तमानपत्रात वाचले होते की लक्ष्मणरावांच्या पणतवंडांतच वाद लागला आहे आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२१ साली न्यायालयाने मध्यस्थाकरवी मिटवता आला तर पाहा असे सुचवले. मी म्हटले, "अण्णा, मग बंधू या पाटीचं काय झालं?" अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पाटी कोणी लावली ते तू वाचलंस. पुढच्यांचं उत्तर पुढचे देतील. तुझं काय?"

माझ्या टेबलावर रोज काय येते ते सांगतो. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली वाटपाचे अर्ज. वारस नोंदीवर हरकती. मामलेदार न्यायालय कायद्याखाली रस्ता अडवल्याच्या तक्रारी. शंभरातल्या बहुतेक अर्जांत अर्जदार आणि सामनेवाले यांचे आडनाव एकच असते, वडिलांचे नावही एकच असते. दोघेही एकाच एसटीने येतात, वेगवेगळ्या सीटवर बसतात आणि वेगवेगळ्या हॉटेलांत चहा घेतात. मी अर्जावर शिक्का मारतो आणि मनात म्हणतो, काय ही माणसे.

आणि माझा स्वतःचा थोरला भाऊ इथे पाचव्या रांगेत, खांबाच्या आड बसला आहे. सहा वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. कारण सांगायलाही लाज वाटते: विहिरीवरच्या मोटारीच्या पाळीचे दिवस. वाटणी झाली तेव्हा भांडी मोजली, बैलगाडीची चाके मोजली, आणि आजोबांच्या नांगरावर येऊन अडलो. तो मला हवा होता आणि दादालाही हवा होता. तो आता कोणी वापरणार नव्हते. ट्रॅक्टर आल्याला किती वर्षे झाली. पंचांनी दादाच्या बाजूला टाकला. मी त्या रात्री जे बोललो ते इथे बोलत नाही.

मागच्या वर्षी सभामंडपाचा चौथरा आखायचा होता. चौकोन काटकोनात आहे का हे पाहायला अण्णा दोन्ही कर्ण मोजतात. दोन्ही मापे सारखी भरली की चौथरा बरोबर. टेपाचे एक टोक धरायला त्यांनी मला हाक मारली आणि दुसऱ्या टोकाला दादाला. गावात दुसरी माणसे नव्हती असे नाही. आम्ही दोघे दोन कोपऱ्यांत उभे, मध्ये टेप ताणलेला. पहिला कर्ण मोजला, कोपरे बदलले, दुसरा मोजला. तीन बोटे फरक आला. अण्णा म्हणाले, "पुन्हा." चार वेळा मोजले. चौथ्या वेळी दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझं टोक ढिलं पडतंय." सहा वर्षांतले ते पहिले वाक्य. मी टेप घट्ट धरला आणि माप बरोबर आले. त्या चौथऱ्यावरच आज आपण बसलो आहोत.

त्यानंतरही आम्ही फारसे बोललो असे नाही. खोटे कशाला सांगू? पण एकमेकांना टाळून दुसऱ्या वाटेने जाणे थांबले.

आता माझी वेळ संपत आली आहे. कीर्तनकार महाराज केव्हाचे येऊन बसले आहेत. समितीने फलकाचा मजकूर अजून खोदायला दिलेला नाही, तो माझ्याच हातात आहे. तिघा भावांच्या त्या तीन पावत्या मी उद्या एक करायला तयार आहे, त्यांची संमती असेल तर. आणि दादा, नांगर तुझ्याच गोठ्यात आहे आणि तिथेच राहू दे. फक्त पावसाळ्यात वरून गळते, फाळ गंजला असेल. कलश चढला की दुपारी मी घासलेट आणि काथ्या घेऊन येतो. एकट्याने तो उचलायचा नाही.

भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!